पट्ट्याने न मोजलेली पावले

प्रति,
मा. पर्यवेक्षण अधिकारी,
वैयक्तिक व्यायाम योजना (स्थूलता),
तिसरा मजला.

विषय : योजनेतून कमी केलेले नाव पुन्हा घेणेबाबत.
संदर्भ : मला 'निष्क्रिय लाभार्थी' ठरवणारे आपले पत्र, दि. २.

महोदय,

१. मी रुग्णालयाच्या धुलाई विभागात अकरा वर्षे ओल्या चादरींची गाडी ढकलते. वजन एकशे अठरा किलो होते. शंभरच्या आत आल्याशिवाय गुडघ्याची शस्त्रक्रिया होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आपल्या प्रशिक्षिकाबाईंनी आधी माझे काम पाहिले, मग व्यायाम ठरवला : हात न टेकता खुर्चीवरून उठणे, भिंतीला रेटे देणे, जिन्याची एकेक पायरी वाढवणे. "मावशी, दुसऱ्यांचं बघू नका, हे फक्त तुमच्या गुडघ्यांच्या मापाचं आहे," असे त्या म्हणाल्या. पाच महिन्यांत चौदा किलो उतरले.

२. योजनेने मनगटाला बांधायला दिलेला पट्टा हात हलला तरच पाऊल मोजतो. गाडी ढकलताना माझे हात दांड्यावर असतात, त्यामुळे पाळीभर चालूनही तीनशे पावले. आमच्याच घरात राहणारी माझी नणंदही योजनेत आहे. ती पलंगावर बसून नातवाचा पाळणा हलवते. तिची सहा हजार भरतात आणि तिला आपले अभिनंदनपत्र आले. ते तिने दाराशीच लावले आहे. तिचा दोष नाही, पण मला ते जाता-येता वाचावे लागते.

३. म्हणून मी पट्टा घोट्याला बांधला. चौदा हजार भरली. त्यावर आपण कळवले की, एवढ्या वजनाच्या व्यक्तीने इतके चालणे शक्य नाही, सबब ही पट्ट्याशी छेडछाड असून ती पावले रद्द आणि मी निष्क्रिय. हाताला बांधला तर आळशी, पायाला बांधला तर लबाड; इकडे आड, तिकडे विहीर. नाव कमी होताच बाईंना मला शिकवण्याची मनाई झाली. तीन आठवड्यांत दोन किलो परत आले. महोदय, मला भीती वाटते.

४. आज अकराला आपल्याकडे माझी सुनावणी आहे. गैरहजर राहिल्यास प्रकरण कायमचे बंद होईल, असे पत्रात आहे. आपल्या इमारतीची लिफ्ट बंद असून तिच्यावर 'जिना चढा, निरोगी राहा' अशी पाटी आहे. वर यायला बेचाळीस पायऱ्या आहेत. बाई शिकवत होत्या तेव्हा मी बावीसपर्यंत पोचले होते. आज अकरा चढले आणि गुडघा अडला. चढताना-उतरताना दोन्ही हात कठड्यावरच होते.

५. हा अर्ज शिपाईदादा वर आणत आहेत. मी गैरहजर नाही. पहिल्या पायरीवर बसले आहे. आपण खाली यावे, किंवा बाईंना तरी पाठवावे.

आपली, तळमजल्यावर थांबलेली,
लाभार्थी क्र. ४१७
(अंगठा नव्हे, सही)
दि. २३, वेळ ११.१०

सोबत :
१. वजनाचे कार्ड.
२. पट्टा. नियमाप्रमाणे आज जिन्याशी येऊन मनगटालाच बांधला होता. आजची नोंद : शून्य पावले.