पेन्सिलच्या रेघेखाली दोन बोटं

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, भाऊजींचा खोकला गेला का, ते सवडीनं कळव. आम्ही सगळे देवाच्या कृपेनं ठीक आहोत. देव मात्र सध्या फ्रिजवर आहेत. कारण तुला ठाऊकच आहे. देवाच्या फळीमागची भिंत आणि शॉवरची भिंत एकच, आणि ती पलीकडून भिजून अलीकडे पोपडे सोडायला लागली. (आम्ही आंघोळ करून देवापुढे बसायचो आणि देव आमच्या आंघोळीच्या पाण्यात बसायचे.) म्हणून जुन्या फरशा काढून भिंतींना आणि जमिनीला वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं.

मिस्त्री तूच सुचवलेले. माणूस कमी बोलणारा. भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करत कान लावून फिरायचे, डॉक्टर छाती तपासतात तसे. कोपऱ्यांत आधी जाळीची पट्टी, मग लेपाचा पहिला हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा, थेट शॉवरच्या वरपर्यंत. भिंत म्हणे मधे सहसा फुटत नाही, दोन भिंती भेटतात तिथं फुटते. (मला आपल्या दोघींची सासरं आठवली, पण ते असो.) लेप वाळल्यावर त्यांनी पाणी जायच्या भोकात बोळा कोंबला, दाराशी विटांचा बांध घातला, आत वीतभर पाणी भरलं आणि पाण्याच्या कडेला भिंतीवर पेन्सिलनं रेघ ओढली. दोन दिवस पाणी रेघेवर राहिलं तर काम पास, एवढं सांगून गेले.

आता ताई, तू माझा स्वभाव जाणतेस. भाजी धुतलेलं पाणी मी झाडांना घालते, कपड्यांचं शेवटचं पाणी लादीला. अशा बाईच्या घरात एवढं स्वच्छ पाणी दोन दिवस नुसतं उभं. देवानं दिलेलं पाणी असं रिकामं बसवून ठेवणं मला पाप वाटायला लागलं. पहिल्या दिवशी दुपारी मी एक तांब्या घेतला, पाय धुण्यापुरता. मग पायपुसणी धुतली. दुसऱ्या दिवशी जिना पुसला. जिना झाल्यावर गॅलरी तेवढी कोरडी का ठेवायची? अशा चार बादल्या झाल्या. मॅट्रिकला हौदाची गणितं मी बरोबर सोडवली होती, एक नळ भरतो, दुसरा रिकामा करतो. पण त्या गणितांत तांब्या घेतलेली बाई कुठंच नव्हती, त्यामुळे रेघेची आठवण झाली नाही.

मिस्त्री आले. पाणी रेघेखाली दोन बोटं. ते उंबऱ्याशी उकिडवे बसले आणि किती तरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. ह्यांनी मात्र तोंड सोडलं. असली कामं करून लोकांची घरं नासवता वगैरे. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "चहा घेता ना?" तेवढ्यात तुझा फोन. तुमचं बाथरूम ह्याच मिस्त्रींना द्यायचं का, म्हणून. हे शेजारी बसलेले. मी म्हटलं, "बघ बाई, आमच्याकडे तर पाणी उतरलं." तसं ते खोटं नव्हतं म्हणा. उतरलं होतंच.

तू त्यांना फोनवर "तुम्ही नको" म्हणून कळवलंस. ते इथं स्वतःचाच लेप खरवडत असताना त्यांना ते कळलं. "बरं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा खरवडायला लागले. कोपरे, जाळी, आडवा हात, उभा हात, सगळं नव्यानं, एक पैसा न मागता. ह्या खेपेला मी बाथरूमचं दार बाहेरून दोरीनं बांधून ठेवलं. (त्यांना वाटलं मुलांसाठी.) पाणी दोन दिवस रेघेवरून हललं नाही. हे खूश झाले. मिस्त्री नाही. काल अवजारं भरता भरता म्हणाले, "वहिनी, पहिल्यांदा कुठं चुकलं ते मला अजून सापडत नाही. दुसरीकडे ब्रश धरायचा तर आता हाताचा भरवसा वाटत नाही."

तेव्हापासून दिवा लावताना मान वर होत नाही. त्यात फ्रिज उंच, त्यामुळे देव वरूनच बघतात.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. तुमचं बाथरूम मिस्त्रींनाच दे. ह्यांना यातलं काही सांगू नकोस. ते मी सांगेन, देव फळीवर परतले की. आणि तुमच्याकडे पाणी भरलं, की दोन दिवस तूही माझ्यासारखी वागू नकोस. आपण एकाच आईच्या मुली.

ता. क. २. भाऊजींचं ड्रिल मशीन मिस्त्रींबरोबर परत पाठवते आहे, त्याच पिशवीत हे पत्र. पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत वाचा, असं त्यांना सांगणार आहे, कारण तोंडानं सांगायला गेले तर पुन्हा चहाच निघेल. ते पिशवी न्यायला आलेत, दाराशी उभेच आहेत. विचारताहेत, "वहिनी, एवढं काय लिहिताय?"

मी म्हटलं, "पहिल्यांदा कुठं चुकलं ते."