तिसरी हाक

२८ ऑगस्ट, गुरुवार

पोचले एकदाची. निजामुद्दीनला गाडी अडीच तास उशिरा. श्रावस्ती फलाटावर उभी, डोळ्यांवर काळा चष्मा. मी म्हटलं, आंधळी झालीस का गं? ती हसली आणि चारचौघांदेखत मिठी मारली. असलं मला चालत नाही, पण आज चालवून घेतलं. दहा महिन्यांनी लेक दिसली.

घर नोएडात, बाराव्या मजल्यावर. स्वयंपाकघर आमच्या आश्रमशाळेतल्या चुलीएवढं. वीस वर्षं तिथं दोनशे पोरांच्या भाकऱ्या थापल्या, आता एकीच्याच थापायच्या म्हणजे हात रिकामाच. हिच्याकडे ज्वारीचं पीठ नसणार हे माहीत होतं, म्हणून गावाहून पाच किलो आणलं. नव्हतंच.

आल्या आल्या तिनं ही वही दिली. पुठ्ठ्यावर तिच्या म्युझियमचं चित्र, मशाल आणि मूठ. म्हणाली, रोज लिही, वेळ जाईल, अक्षर सुधारेल. मी चौथी शिकलेली. ती सहा वर्षांची असताना बाप गेला, तेव्हापासून दिल्लीत करोल बागेत मामाकडे वाढली, हिंदी शाळेत. मराठी बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचते. म्हणजे माझं लिहिणं आणि तिचं वाचणं एकाच इयत्तेतलं. बरंय.

जेवायला हाक मारली. एकदा. दोनदा. ही कानात बोंडं घालून बसलेली. उठले आणि पाठीत धपाटा घातला. कळवळली. आई यार, तिसऱ्यांदा हाक मारायला काय जातं तुझं, म्हणाली. मी म्हटलं, काय जातं ते तुला चांगलं ठाऊक आहे.

पण दिवस छान गेला. झोप येतेय.

१ सप्टेंबर

काय जातं ते लिहूनच ठेवते. वही माझी आहे, वाचणार कोण.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमच्या डोंगरपिंपळ्याला सात माणसं सरकारविरुद्ध उठली आणि पाटलाच्या रानातल्या पेवात लपली. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेला खड्डा, तोंड हंड्यासारखं लहान आणि पोट मोठं. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आतली हवा मारते. आधी कंदील सोडायचा, विझला तर थांबायचं. माझा आजा त्या रानाचा राखणदार. माझी आजी धुरपता रोज भाकरी न्यायची आणि तोंडावरचा धोंडा वितभर सरकवून ठेवायची, सात जीवांना हवा मिळावी म्हणून. खूण ठरलेली होती. धुरपताच्या आवाजात तीन हाका आल्या तरच वर यायचं. एकीला नाही, दोनला नाही.

मग रझाकार आले. रान दिसलं, पेव सापडेना. त्यांनी माझ्या बापाच्या गळ्याला विळा लावला. बाप तेव्हा दहा महिन्यांचा. आजीनं पहिली हाक मारली. दुसरी मारली. तिथं थांबली. विळा टेकला, रक्त आलं. तिनं तिसरी मारली. सात माणसं तिच्या आवाजावर भरवसा ठेवून वर आली. तिथंच मारली.

बापाच्या गळ्यावरचा तो वण मी पाहिलाय.

गावात दगड आहे, त्यावर सात नावं. भाकरी कुणी नेली ते त्यावर नाही. हाक कुणी मारली तेही नाही. आजीनं ते फक्त मला सांगितलं, जात्यावर बसून. तेव्हापासून आमच्या घरातली बाई तिसरी हाक मारत नाही. दोनदा बोलवायचं, नाही आलं तर उठायचं, जायचं, अंगाला हात लावायचा. मी हे फक्त श्रावस्तीला सांगितलं, मागच्या दिवाळीच्या सुट्टीत. आधी बाबासाहेबांच्या फोटोपुढं तिचा शब्द घेतला, कुणाला सांगणार नाही असा. तेव्हाच तिनं माझ्या ओव्याही फोनवर भरून घेतल्या होत्या. मी आपली हौसेनं गायले.

४ सप्टेंबर

म्युझियम बघितलं. मराठवाड्याच्या मुक्तीचं म्युझियम आणि नोएडात, कारखान्यांच्या मधे. उद्घाटन सतराला आहे, पण लोकांना आतापासूनच आत सोडतात, चाचणी म्हणून. श्रावस्ती मला मिरवत होती. तिचे मोठे साहेब पुष्कर, त्यांनी वाकून नमस्कार केला. पायापर्यंत हात पोचला नाही, गुडघ्यावरच थांबला.

आत भिंतीच नाहीत, सगळी चित्रं हलतात. अंगावर घोडी येतात. पंखे वारा सोडतात, कुठून तरी जळाल्याचा वास सोडतात. एक बाई चक्कर येऊन बसली, तिला लिंबूपाणी दिलं. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

शेवटी पेव. खरोखरीचं, बारा माणसं मावतील असं. शिडीनं उतरलो. वरून झाकण लागलं आणि काळाकुट्ट अंधार. भिजल्या ज्वारीचा आंबूस वास. मी मनात म्हटलं, पोरीनं हुबेहूब केलंय.

मग वरून हाक आली. दादा होऽ.

माझा आवाज.

पुन्हा आली. दादा होऽ. मी शिडी घट्ट धरली. मनात म्हटलं, बस, इथं थांबेल. आमचा आवाज इथंच थांबतो.

तिसरी आली.

एवढी गोड. मी जन्मात कुणाला एवढ्या गोड आवाजात बोलावलेलं नाही.

झाकण उघडलं. समोर मोठी पाटी, हिंदीत आणि मराठीत. धुरपता, राखणदाराची बायको, जिनं सात वीरांना दगा दिला. पंच्याहत्तर वर्षं त्या बाईचं नाव कुणी कशावर लिहिलं नाही. लिहिलं ते असं. विळा नाही, लेकरू नाही. नुसता दगा. आणि लोक पाटीसमोर फोटो काढत होते.

५ सप्टेंबर

आज भांडण झालं. मी ताटली आपटली. ती म्हणाली, आई, ही हिस्ट्री आहे, उलट तुझ्या आजीला जागा मिळाली. मी म्हटलं, जागा? गावानं वेशीबाहेर ठेवलं, तू खड्ड्यात घातलंस. ती म्हणाली, लेकराचा भाग लांबत होता, पुष्कर सरांनी कापला. लांबत होता! माझा बाप लांबत होता.

तिसरी हाक कुणाची, विचारलं. मी तर कधी मारलीच नाही. ती खाली बघून म्हणाली की ओव्यांवरून कम्प्युटर आवाज शिकतो, मग काहीही बोलवून घेता येतं. परवानगी? म्हणाली, तू दिवाळीत एका कागदावर सही केली होतीस ना. ती तर बँकेची म्हणाली होती.

मी रडले. मी रडत नसते कधी. आजीनं मरेपर्यंत जे तोंडात धरलं ते मी या पोरीच्या ओंजळीत घातलं, आणि हिनं ते बाजारात मांडलं.

शेवटी माझे हात धरून म्हणाली, काढते, उद्याच आवाज बदलते, पाटीही बदलते. पक्का.

ओरडून घसा बसलाय.

७ सप्टेंबर

घसा अजून बसलेलाच. मीठपाण्यानं काही होत नाही.

सकाळी दार उघडलं तर पायपुसण्यावर माती. काळी. कालपासून पाऊस नाही आणि नोएडाची माती पांढरट, रेताड, मी खाली बागेत बघितलीय. ही आमच्याकडची, बोटाला चिकटणारी, लोण्यासारखी. मला वाटलं माझ्याच चपलेची असेल. चपला धुऊन वाळत घातलेल्या आहेत.

पुसून टाकली. श्रावस्तीला सांगितलं नाही. बोलत नाहीये मी तिच्याशी.

९ सप्टेंबर

दुपारी ती घरून काम करत होती, फोन मोठ्यानं लावलेला. पेवाच्या दारावरचा माणूस सांगत होता की मोजणीचं मशीन बिघडलंय. खाली बारा उतरतात, वर एकोणीस येतात. दोन दिवस, प्रत्येक खेळाला. पुष्कर साहेब हसले, म्हणाले, अच्छा है, आकडा वाढतोय.

बारा आणि सात.

श्रावस्तीही हसली. मग माझ्याकडे बघून फोन बंद केला.

मी विचारलं, आवाज बदललास ना? माझा आवाज तिला ऐकूच गेला नाही, एवढा बसलाय. पुन्हा विचारलं. हो आई, बिल्कुल, म्हणाली.

घरात वास येतोय. आंबलेल्या ज्वारीचा. पिठाचा डबा उघडून बघितला, पीठ ताजं आहे.

११ सप्टेंबर

तिला न सांगता गेले. ऑटोवाल्याला कागदावर लिहून दाखवलं, बोलता येत नाही म्हणून. तिकीट काढून बारा जणांत खाली उतरले.

आवाज बदललेला नाही. वाढवलाय.

पहिली हाक. दुसरी. मग रडणं. माझं रडणं. पाच तारखेचं, तिच्या स्वयंपाकघरातलं. मागून ताटली आपटल्याचा आवाजसुद्धा आहे. मी तिच्यासमोर फुटून रडत होते आणि तिचा फोन ओट्यावर चालू होता.

मग तिसरी हाक.

अंधारात माझ्या शेजारी कुणीतरी श्वास घेतला. खूप दिवस न घेतल्यासारखा. मग पलीकडं. मग मागं. कुणीतरी माझ्या पदराचं टोक हळूच धरलं, लहान पोर धरतं तसं. रागानं नाही. भरवशानं.

वर आल्यावर मी मागं बघितलं नाही. पदराला काळी माती लागलीय.

संध्याकाळी ती आली. मी तिच्यासमोर वहीत लिहिलं, खोटारडी. ती अक्षर लावत बसली. खो. टा. वाचून झाल्यावर म्हणाली, आई, लोक रडतात तिथं, खरंखुरं. तुझ्यामुळं. तुला अभिमान वाटायला हवा.

१३ सप्टेंबर

आवाज पूर्ण गेला. डॉक्टर म्हणे घशात काहीच नाही, साफ आहे. तिकडे दिवसाला बारा खेळ चालतात.

आता हॉलमध्ये पावलं दिसतात. अनवाणी, मोठी. माझ्या खोलीशी येतात, थांबतात, मग तिच्या दाराकडं वळतात. त्यांना आवाज ओळखीचा, माणूस नाही. आवाज आता माझ्याकडं नाही. तो कुणाच्या हातात आहे ते त्यांना कळलंय.

तिचं डोकं दुखतंय. खोकते. एसीचा त्रास म्हणते.

भरदुपारी तिच्या खोलीत पणती घेऊन गेले. उंबऱ्याशी चांगली जळत होती. आत पाऊल टाकलं — विझली. पुन्हा लावली. विझली. काडीच पेट घेईना.

खिडकी उघडली. ती ओरडली, एसी चालू आहे ना — बंद केली.

१५ सप्टेंबर

वहीत लिहून दाखवलं. घरी चल. आजच. नाही म्हणाली. सतराला कोपर्निकस मार्गावरून सरकारी पाहुणे येणार, तिचं प्रमोशन आहे, आयुष्य आहे.

मग लिहिलं, माझ्या आवाजात हाक आली तर ओ देऊ नको. तिसरी आली तर ती मी नाही. मी उठून येते, हात लावते. लक्षात ठेव, मी हात लावते.

तिनं वाचायला फार वेळ लावला. मग माझा गाल ओढला. आई, चिल कर.

तिचा हात गार होता.

१६

तिच्या उशीखाली माती.

आवाज ऐकला आज. लिफ्टकडून. नुसता खाकरला — मी खाकरते तसा.

१७ सप्टेंबर, सकाळ

ती तयार होतेय. माझी लग्नातली साडी मागितली, दिली. काय करू, लेक आहे. तिनं खोलीची कडी आतून लावलीय.

हाक आली. श्रावस्तीऽ.

बाहेरून नाही. आतून. तिच्या खोलीतून.

ती म्हणाली, अरे आई — तू आत कधी आलीस? आणि तुझा आवाज आला!

आनंदानं म्हणाली.

दार बडवतेय. दोन्ही हातांनी. घशातून नुसती हवा —

दुसरी आली.

ती आतल्या मला विचारतेय, आई, बाहेर दार कोण बडवतंय? घाबरलीय. माझ्यामुळं घाबरलीय. बडवू नको तर काय करू — हात लावायचा असतो, हात पोचत नाही —

पान फाडलं. लिहिलं. कडी काढ, बाहेर पळ. दाराखालून सरकवलं.

उचललं तिनं. वाचतेय. मोठ्यानं, बोट ठेवून.

क. डी. का.

दाराखालून वास येतोय. तिचा खोकला. वाच गं बाई, लवकर वाच, कोण म्हणालं तुला सहा वर्षांची दिल्लीला पाठवायला — मीच —

ढ. बा.

आत पावलं. पुष्कळ. दाराखाली सावल्या — तिचे पाय, आणि —

हे. र.

आणि माझा आवाज. गोड. तिला कधी मारली नाही एवढ्या गोड —

श्रा