सपाट जमिनीवर सही करणार नाही

अंबरपेठ, हैदराबाद
१२ नोव्हेंबर

ती. भिवाजीमामांस,
भाचा अमरदीपचा सविनय जय भीम.

आम्ही इकडे ठीक. तुमचा गुडघा आणि सखूमामीचा खोकला, दोन्हींत सध्या कोण पुढे आहे ते कळवा. तुमच्या घरी फोन लागत नाही म्हणून हे पत्र, आणि फोन का लागत नाही हाच पत्राचा विषय.

टॉवर कुठे उभारला तर सिग्नल कुठवर जाईल, हे आमची कंपनी आधी संगणकावर खोटंखोटं चालवून बघते. त्यासाठी जमीन कुठे किती उंच, याचे आकडे लागतात. (तलाठ्याच्या नकाशात शेत किती लांब ते असतं, किती उंच ते नसतं.) यंदा यादीत आपलं पिंपळढव निघालं आणि मी ते मागून घेतलं. उपग्रहाने मोजलेले आकडे फुकट मिळतात म्हणून उतरवले, तर आला शेजारच्या तालुक्याचा तुकडा. आपला न सापडल्यामुळे सॉफ्टवेअरने सगळीकडे शून्य धरलं, म्हणजे समुद्र. पाण्यावर आडवं काही येत नाही, त्यामुळे सिग्नल झकास! मग बरोबर तुकडा आणला, तर नेमकं आपल्या टेकडीच्या आणि वस्तीच्या जागी भोक. उपग्रहाला तिथलं काही दिसलंच नव्हतं. (आपली वस्ती याआधी तरी कुणाला दिसली होती?) 'आकडा नाही' याची खूण म्हणून तिथे उणे बत्तीस हजार सातशे सदुसष्ट मीटर लिहिलेलं. सॉफ्टवेअरने ते खरं मानून तुम्हा सगळ्यांना पाताळात पोचवलं. शेवटी आमचे साहेब प्रतापराव म्हणाले, "अरे मियाँ, आजूबाजूची सरासरी काढ अन् भोक बुजव. परेशान कायकू होतो?" बुजवलं. मधली टेकडी गायब, जमीन ताटासारखी, बाजारातल्या टॉवरचा सिग्नल थेट तुमच्या ओसरीत. अहवाल तयार: नवा टॉवर नको. खाली फक्त माझी सही हवी.

मी म्हटलं, नक्को. माझ्या मामेबहिणीला, रेणूला, परीक्षेचा अर्ज भरायला मोबाईल घेऊन त्या टेकडीवर बसावं लागतं, सरासरीवर बसता येत नाही. साहेबांनी पुरावा मागितला. लहानपणी मी त्या टेकडीवरून पडलो होतो, त्याची खूण दाखवायला पँट वर करू लागलो, तर शेजारच्या टेबलावरची भाग्यलक्ष्मी ओरडली, "अय्यो, नक्को दिखा!" तीन आठवडे झाले, सही केलेली नाही. दुसऱ्या कुणाची घ्यायची तर खुशाल घ्या, असंही सांगून टाकलंय. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

वस्तीतल्या सगळ्यांना जय भीम, रेणूला अभ्यासाची आठवण.

तुमचा,
अमरदीप

ता.क. साहेबांनी काल गेल्या वर्षीची फोनवरची पाहणी काढून दाखवली. 'सिग्नल कसा आहे?' या प्रश्नाला पिंपळढवच्या भिवाजी नामक गृहस्थांनी 'एकदम फस क्लास' असं उत्तर दिलंय. मामा, तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात, ते मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, सिद्ध कर.

ता.क. २. तेव्हा ठरलं असं, की पंचवीस तारखेला सकाळी अकराला वस्तीतल्या दहा नंबरांवर फोन करायचे. एकही लागला नाही, तर माणूस पाठवून टेकडी मोजायची आणि ते आकडे भोकात भरायचे. म्हणून त्या दिवशी कुणीही टेकडी चढायची नाही. सगळ्यांनी घरात बसायचं, फोन चालू ठेवून.

ता.क. ३. पत्र पोचल्याचं कळवायला टेकडीवरून फोन करू नका. तोही 'सिग्नल आहे' म्हणून नोंदतात.