थोरलीचं तेल

३ फेब्रुवारी

चि. सौ. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सकाळी नळाखाली बादली लावून मी शर्टाच्या कॉलरी घासत असायचे, आणि समोर तुझे दादा ट्रकच्या तोंडात अर्धे शिरलेले. तेल बघायची पट्टी बाहेर काढायची, जुन्या चादरीच्या तुकड्याने पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि उजेडाकडे धरून तेल दोन खुणांच्या मधे आहे ना ते बघायचं. चहा गार होतोय म्हणून मी ओरडले की म्हणायचे, आधी थोरलीचं, मग धाकटीचं. ट्रक आमच्या लग्नाआधी घरात आला, म्हणून तो थोरली आणि मी धाकटी. सवतीवर मी तेव्हाही रागावले नाही, कारण ती घर चालवायची आणि मला उलट उत्तर द्यायची नाही.

आता देते. काही महिन्यांपासून सकाळी चालू करताना आतून खडखड खडखड असा आवाज येतो, आणि तेलाचा लाल दिवा विझायला वेळ लावतो. मग सगळं शांत. दिवसभर विटांच्या खेपा करते, एकदाही कुरकुरत नाही. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतो तसं मला बाजूला घेऊन बेअरिंगं गेल्याचं सांगितलं. इंजिन पूर्ण उघडावं लागेल, नाहीतर गाडी सोडून द्या. उघडायची माझी ऐपत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. म्हणून भंगारवाल्याला या महिन्याच्या वीस तारखेला बोलावलं आहे. ड्रायव्हरमामा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ट्रकशी बोलतात, मला ऐकू जाईल अशा बेताने.

माझ्याकडून मी काही कमी केलं नाही गं. तुला माहीत आहे, छापलेलं काहीही दिसलं की मी वाचते. तेलाच्या डब्यावरचं बारीक अक्षरही सोडलं नाही. मामा म्हणतात, डब्यावर लिहिलंय तितके किलोमीटर होईपर्यंत हात लावायचा नाही. तुझे दादा त्याच्या निम्म्यावर बदलायचे. मी तर महिन्यालाच बदलते, कारण घातलेलं तेल दोन दिवसांत काळंकुट्ट होतं आणि ते माझ्याने बघवत नाही. दर वेळी तू जावईबापूंच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून पाठवलेल्या खोक्यातला एक नवा लाल फिल्टरही लावते. फार देखणे आहेत, अगदी बरोबर बसतात. इतकं न्हाऊमाखू घालूनही आवाज वाढतोच आहे. जावईबापूंना एकदा विचार, आणखी काही करता येईल का. वीस तारखेनंतर विचारून उपयोग नाही.

लोभाची पातळी दोन खुणांच्या मधे असू दे.

तुझी वहिनी


८ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यांच्या हातात दिलं ही माझी चूक झाली. गिऱ्हाईक काउंटरवर फॅनबेल्ट मागत उभं, आणि हे तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचतायत. जेवायला बसले तर घासाऐवजी वाक्यं. मला आता तेलाबद्दल इतकं कळतं की उद्या दुकान सांभाळू शकेन.

तर ऐक. डिझेलच्या इंजिनात तेल काळं होणारच, पहिल्याच दिवशी होतं. आतली काजळी ते स्वतःत धरून ठेवतं, म्हणून काळं दिसतं. हे म्हणतात, वहिनी फडकं मळलं म्हणून फेकून देतायत, पण फडकं मळण्यासाठीच असतं. महिन्याला बदलू नकोस. पण मामांचंही ऐकू नकोस. डब्यावरचा आकडा लांब रस्त्यावर पळणाऱ्या नव्या गाड्यांसाठी असतो. थोरलीचं वय झालं, कामही धुळीतलं, जवळजवळच्या खेपा, भट्टीपाशी तासन्‌तास चालू ठेवून उभं राहणं. तिला निम्म्याचाच हिशेब बरोबर. आणि तेवढे किलोमीटर झाले नाहीत तरी सहा महिन्यांनी बदलायचंच. म्हणजे दादाचंच खरं. हे मान्य करताना यांचा चेहरा बघायला हवा होतास. दादा होता तोवर तेलावरून दोघे किती वाद घालायचे.

आता दोन प्रश्न, दोन्हींची उत्तरं लगेच पाठव. एक, इंजिन तापल्यावर, गाडी उभी असताना लाल दिवा लागतो का? बेअरिंगं गेली असतील तर तेव्हाही लागायला हवा. दोन, फिल्टर इंजिनावर उभा बसतो की आडवा? आणि कुठला लावतेस तेही विचारलंय. मी म्हटलं, उत्तमच लावते, मी स्वतः निवडून पाठवलेत. हे माल आणायला बाहेर गेले होते, तेव्हा गुपचूप खोकं भरलं होतं ना! थोरलीचा जुना फिल्टर मी लहानपणापासून बघतेय. तोच घेर, तेच आटे, आणि रंग त्याहून छान. बांगडी मनगटात चढवून बघावी तसा नमुन्याच्या बोल्टवर चढवून बघितला होता.

यावर हे नुसते माझ्याकडे बघत राहिले, वहिनी. तीस वर्षांत असे बघितले नव्हते.

माया आहे ती आटू नये, गळूही नये.

तुझी ठकी


१२ फेब्रुवारी

चि. सौ. ठकीस,
पोटभर आशीर्वाद, आणि आधी बसून घे.

तापल्यावर दिवा लागत नाही. मी स्वतः भट्टीवर जाऊन, गाडीच्या दारात उभी राहून बघितलं. मामांनी अबोला सोडून, मला बघायचंय तरी काय, असं विचारलं. आणि फिल्टर आडवा बसतो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तुझ्या दादांनी शेवटी लावलेला फिल्टर उतरवला तेव्हा तो माझ्याने टाकवला नाही. धुऊन पुसून शिलाई मशीनच्या खणात ठेवला आहे. हसू नकोस, लोक फोटो ठेवतात, माझ्याकडे फिल्टर आहे. जावईबापूंचे प्रश्न वाचून तो काढला आणि तुझा एक कोरा लाल फिल्टर शेजारी ठेवला. बाहेरून जुळ्या बहिणी. मग कडेच्या बारीक भोकांतून काडी घातली. दादांच्या फिल्टरमध्ये काडी रबराच्या मऊ पडदीला अडली. तुझ्यातली सरळ आत गेली आणि सापडेना.

मग नळावर गेले. दोन्ही मधल्या भोकातून पाण्याने भरले आणि मोरीच्या कट्ट्यावर आडवे ठेवले. दादांच्या फिल्टरातून मधल्या भोकावाटे थोडं पाणी आलं आणि थांबलं. तुझा लाल, ठके, कडेच्या सगळ्या भोकांतून धो धो वाहायला लागला. चाळणीच ती. म्हणजे रोज रात्री थोरली झोपली की त्यातलं तेल खाली उतरून जातं, आणि सकाळी तेल वर पोचेपर्यंत ती बिचारी कोरडी खडखडते. मी दर महिन्याला कौतुकाने नवी चाळणी बसवत होते!

मी मोरीत बसून इतकी हसले की शेजारीण कुंपणावरून डोकावली आणि मला काही होतंय का म्हणून विचारू लागली. मी दोन्ही फिल्टर दाखवले, तर ती घाईने आत गेली.

पण हसून झाल्यावर पदर पिळता पिळता भानावर आले. हा माझा तर्क. इतके महिने कोरडं चालून बेअरिंगं खरंच गेली असतील तर? मिस्त्री त्यांच्या बोलण्यावर ठाम आहेत. दादांचा फिल्टर भरलेला आहे, तो परत चालायचा नाही. योग्य फिल्टर इथे एकाही दुकानात मिळाला नाही, इतक्या जुन्या गाडीचा कुणी ठेवत नाही. वीस तारीख जवळ आली. भंगारवाला माणूस शब्दाचा पक्का आहे, आणि शब्द मीही दिलेला आहे.

जावईबापूंना सांग, बायकोवर रागावायचं नाही. माझी नणंद आहे, रागावायचं झालं तर मान माझा.

तुझी, ओल्या पदराची वहिनी


१६ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि. आणि कान पकडून.

तुझं पत्र मीच यांना वाचून दाखवलं. चाळणीपाशी आले तेव्हा हे काउंटरच्या मागे खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. हसत होते. मग फळीवरून फळी धुंडाळत धुळीने पांढरे झाले आणि अगदी मागून दोन फिल्टर काढले. दादासाठी म्हणून कधीतरी घेऊन ठेवलेले. दादा मेहुण्याच्या दुकानातून फुकट घ्यायचा नाही आणि हे त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, त्यामुळे ते तिथेच राहिले.

हे पत्र आणि फिल्टर तुमच्या बाजूला चाललेल्या ट्रकवाल्याच्या हाती देतेय. लावण्याआधी फिल्टरच्या रबरी कडेला बोटाने तेल लाव, हाताने घट्ट कर, पान्याने आवळू नकोस. गरम असताना दिवा लागत नाही याचा अर्थ इंजिन धड असावं, असं हे म्हणतात. असावं म्हणतात, आहे म्हणत नाहीत, कारण खोटा धीर द्यायचा नाही असं यांनी बजावलंय. पण रात्री झोपेत दोनदा आहे म्हणाले.

मला पुन्हा काही निवडायला सांगू नकोस. लोभ मात्र तूच निवडलेला, तो बदलू नकोस.

तुझी चाळणी


२० फेब्रुवारी

चि. सौ. ठकीस आणि जावईबापूंस,
दोघांना एकत्रच आशीर्वाद, वेगळे लिहायला दम निघत नाही.

फिल्टर काल संध्याकाळी पोचले. मीच बसवला. मामा बॅटरीचा उजेड धरून उभे होते आणि देवाला सांगावं तसं ट्रकला सांगत होते.

आज सकाळी भंगारवाला आला, मिस्त्री आले, शेजारीण तर आधीपासूनच कुंपणाला. भंगारवाला थोरलीभोवती फिरून पत्रा ठोकून बघत होता. मी त्याला म्हटलं, दोन मिनिटं थांबा, तिला एकदा चालू करू द्या. त्याने मान डोलावली. असं करणारे त्याला रोज भेटत असणार.

मामांनी किल्ली फिरवली. मी श्वास धरायचं ठरवलं होतं, पण तेवढा वेळच मिळाला नाही. दिवा लागला न लागला तोच विझला. खडखड नाही. आपला जुना गुरगुरता आवाज, ज्यावर मी इतकी वर्षं कॉलरी घासल्या. क्षणभर वाटलं, तुझे दादा बॉनेटच्या पलीकडे उभे आहेत. वाटलं आणि गेलं. तसं रोजच वाटतं गं. आज पाठोपाठ हसू आलं, एवढंच.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर लावून बराच वेळ ऐकलं. मग तो पुसून खिशात ठेवला आणि म्हणाले, माझ्या कानांचं तेल बदलायला हवं. भंगारवाल्याची मी शब्द मोडल्याबद्दल माफी मागितली आणि त्याला चहा दिला. मग कधी येऊ, असं त्याने जाताना विचारलं. मी सांगितलं, आम्हा दोघींपैकी कोण आधी थकतं ते बघून कळवते.

तुझे दादा मला कितीदा म्हणायचे, एकदा खेपेला चल. मी म्हणायचे, सवतीच्या मांडीवर मी बसणार नाही. मामाही आज हेच म्हणाले, की शेजारची सीट रिकामी जाते. मी चहाच्या कपबशा उचलून आत आले.

लाल फिल्टर उरलेत, त्यांत धने पेरते. पाण्याचा निचरा उत्तम होईल.

तुमची वहिनी

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी मी घराला कुलूप लावलं, थोरलीत चढून मामांच्या शेजारी बसले आणि विटांच्या खेपेला गेले.