निळसर पायांचा कोंबडा

आई,

आज सकाळी कोंबडा मांडीवर घेऊन बसले होते. तू असतीस तर हसली असतीस. तळेगावच्या कारखान्यात मी दिवसभर सुटे भाग उलटसुलट करून तपासते, पण ह्या एका पक्ष्यापुढे माझी नजर चालेना. मान सोनेरी, पाठ विटकरी, छाती काळी, शेपटीवर हिरवी झाक. हुबेहूब तुझ्या कोंबड्यांचा रंग. पण रंगाला भुलले की तू डाफरायचीस, "पिसांवर जाऊ नगं. आदी पाय बघ." तुझ्या कोंबड्यांचे पाय पाटीसारखे निळसर असायचे. चुलीपुढे भाकरी थापता थापता तू अंगणातलं कुठलं पिल्लू कुणाच्या घरच्या कोंबड्याचं, ते नुसतं दारातून बघून सांगायचीस, आणि मला ती जादू वाटायची.

तू माहेरी परंदवडीला गेली होतीस तेव्हा मी बाजारातून एक झोकदार कोंबडा आणला. विकतचा पक्षी पंधरा दिवस परसात डालग्याखाली वेगळा ठेवायचा, हा तुझा नेम. मी त्याच संध्याकाळी त्याला खुराड्यात सोडला, कारण तो तिथे शोभून दिसत होता. आठवड्यात मानमोडी आली. माना वाकड्या करून एकेक पक्षी पडत गेला. तू परतलीस आणि एवढंच विचारलंस, "येगळा झाकला व्हतास नव्हं?" मी व्हय म्हणाले. तू खुराडं धुऊन काढलंस, राख टाकलीस. पुढच्या वर्षी तू गेलीस तेव्हाही ते रिकामंच होतं. तुझा वाण मी संपवला, हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही.

गेल्या महिन्यात पवनानगरच्या वरच्या ठाकरवाडीत गेले होते. तिथली मावशी तुला आठवते ना? कोंबडी खुडूक बसली की तुम्ही दोघी अंडी बदलायचात. आपलीच अंडी आपल्याच कोंबडीखाली ठेवली तर वाण खचतो म्हणायचीस, आणि चांगली चांगली अंडी तिला देतेस म्हणून मी तुझ्याशी भांडायचे. तिच्या अंगणात हा उभा!

"मावशी, ह्यो कुटला?"

"कुटला म्हंजी? तुज्या आईच्या अंड्यांचा वंस हाय. तुमचं समदं मेलं, हितलं ऱ्हायलं."

मी तिथेच रडले. तिने पाय बांधून तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घिऊन जा. लय दिस झालं, तुमच्या दारात कोंबडा न्हाई आरवला."

पंधरा दिवस मी त्याला डालग्याखाली ठेवला, एक दिवसही कमी नाही. शेजारणीकडून चार तलंगाही आणल्यात, अजून अंड्यावर न आलेल्या. आज सोडण्याआधी नीट पाहिला. पाय निळसर आहेत, आई. पण डाव्या पंखात, आतल्या बाजूला, दोन पांढरी पिसं निघाली. मधे कधीतरी फार्मातली पांढरी कोंबडी मिसळली असणार. तू त्याला वाणाला ठेवला नसतास. मी ठेवतेय. हे पत्र तू वाचणार नाहीस, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. ती दोन पिसं मी उपटली आणि चुलीत टाकली. तिथे पुन्हा पांढरीच येणार, हे मला ठाऊक आहे. आली की राहू देईन.