बाबांचा स्टिरिओ, निम्मा-निम्मा

सडबरी,
२ मे २०१०

चि. रेयो यास,
अनेक आशीर्वाद. (लिहिताना हात जरा आखडला, पण दिले.)

नऊ वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे. मागच्या आठवड्यात फोन तू आपटलास की मी, हा वाद इथे नको. आईने मला बजावलं आहे की तुम्ही दोघं यापुढे फोनवर बोलायचं नाही, कागदावर लिहायचं. कागद कितीही आपटला तरी शेजाऱ्यांना ऐकू जात नाही. म्हणून हा कागद.

आईला २६ जूनला नव्वद पूर्ण होतात. त्याच शनिवारी योहान्नुस, आपला फिनी उन्हाळी सण, आहे, म्हणजे तळ्याकाठी शेकोटी असणारच. पण तिला हॉल नको, स्वतःचा फोटो छापलेला केक तर मुळीच नको. तिला तिच्या स्वयंपाकघरात, बाबांच्या स्टिरिओवर, टँगो नाचायचा आहे. स्टिरिओ अख्खा हवा आणि आपण दोघं एकाच खोलीत हवेत. मी म्हटलं, पंच्याण्णवाव्याला करू थाटात. तर म्हणाली की पंच्याण्णवाव्याला पाय कुणाचे असतील सांगता येत नाही, आत्ता आहेत ते माझे आहेत.

आता अख्खा स्टिरिओ आणायचा कुठून? बाबांच्या अंत्यविधीनंतर कॉफीच्या वेळी आपण त्यांचा आवडता टँगो लावायला गेलो आणि संच मुका निघाला, ते आठवतं ना? तू म्हणालास की मी धूळ पुसताना तो बिघडवला, मी म्हटलं की तू तारांशी खेळलास. मग हट्टाने वाटणी केली. अ‍ॅम्प्लिफायर आणि डावा स्पीकर मी उचलला, रेकॉर्ड प्लेअर आणि उजवा स्पीकर तू. रेकॉर्ड राहिल्या आईकडे. दोघांच्या घरी निम्मा-निम्मा स्टिरिओ, म्हणजे तिन्ही घरांत शुकशुकाट. आईला आपण सांगितलं की भांडण बाबांच्या नावेवरून झालं. ती अजून तसंच समजते आहे, समजू दे.

माझ्याकडचा अ‍ॅम्प्लिफायर नऊ वर्षं बंद आहे. त्यावर आमची मांजर मुस्ती झोपते. गॉर्ड म्हणाला की प्लग लावून बघू काय होतं ते, तेव्हा मी त्याच्या हातावर चापट मारली. नवरा खाणीत इलेक्ट्रिशियन होता म्हणून काय झालं, त्याला पंपांतलं कळतं. बाबांचा शिष्य तू. काय करायचं ते नीट कळव.

आईसाठी म्हणून, आणि घे, थोडा तुझ्यासाठीही, लोभ.
तुझी ताई,
हेल्वी

*

लॅपे,
१० मे २०१०

ती. हेल्वीताईस,
शि. सा. न. वि. वि. (साष्टांगातली आठही अंगं आता वाकत नाहीत, पाचांवर भागवून घे.)

गॉर्डच्या हातावर चापट मारलीस हे या नऊ वर्षांतलं तुझं सर्वांत शहाणपणाचं काम. इतकी वर्षं झोपलेल्या यंत्राला एकदम वीज दिली तर ते जागं होण्याऐवजी पेटतं. गॉर्डलाच सांग, शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब घे आणि अ‍ॅम्प्लिफायरची वीज त्या बल्बातून जाईल अशी जोडणी कर. बल्ब क्षणभर झगझगून मंद झाला तर पोटात सगळं ठीक. झगझगीतच राहिला तर लगेच बंद करा.

त्याआधी त्यातली मांजर काढ. मुस्ती नव्हे, तिचे केस. झाकण उघडलंस तर आत बोट घालू नकोस. प्लग काढला तरी आतल्या डब्यांत वीज दडून बसते. बाबांचा नियम लक्षात आहे ना, एक हात कामाला, दुसरा खिशात. बटणं करकरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून प्रत्येक तीस वेळा फिरव. दाराच्या बिजागरीचं तेल मारलंस तर मी आणखी नऊ वर्षं बोलणार नाही.

माझ्या बाजूची खबर अशी. रेकॉर्ड प्लेअरचा रबरी पट्टा विरघळून काळा डिंक झाला होता. तो खरवडला, नवा मागवला, सुईही बदलली. स्पीकर उत्तम आहे. तो मी कोरड्या, उबदार जागी ठेवला होता.

आई रोज विचारते की हेल्वी काय म्हणते. नाचासाठी तिने लाल बूट आणले आहेत. ते घालून बटाटे सोलते, पायाला सवय व्हावी म्हणून.

मागच्या नऊ वर्षांचा लोभ शिल्लक असेल तर तोही पाठव.
तुझा,
रेयो

*

सडबरी,
२१ मे २०१०

चि. रेयो,
अ. आ. (या वेळी हात न आखडता.)

तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. आतून इतके केस निघाले की त्यांतून दुसरी मुस्ती विणता येईल. मग गॉर्डने बल्ब जोडला, मी दोन्ही डोळे मिटून कळ दाबली. बल्ब झगझगला आणि हळूहळू मंद झाला! त्यातल्या रेडिओच्या पट्टीवर तो हिरवा उजेडही आला. आम्ही दोघं म्हातारे टाळ्या पिटत स्वयंपाकघरात उड्या मारत होतो. मुस्ती कपाटाखाली गेली.

पण आवाज नाही. अजिबात नाही. रेडिओ लावला, शेजारणीचा सीडी प्लेअर जोडला, स्पीकर सोडून कानाला हेडफोन लावले. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, नुसती बारीक सूऽऽ. चारही फ्यूज काढून पाहिले, धडधाकट आहेत. प्रत्येक बटण तीसऐवजी चाळीस वेळा फिरवलं. आवाजाचं बटण तर शेवटाला नेऊन ठेवलं आहे. त्या दिवशी कॉफीच्या वेळी होती तशीच शांतता आहे, रेयो.

आणि हो. तुझ्या घरात कोरडी, उबदार जागा एकच आहे, आणि दर शनिवारी ती ओली होते. तू बाबांचा स्पीकर सौनाच्या खोलीत ठेवला होतास की नाही, ते खरं सांग.

आई वाट बघते आहे. पाच आठवडे उरले. लोभ पाठवते, उत्तर पाठव.
हेल्वीताई

*

लॅपे,
३० मे २०१०

ती. ताईस,
सा. न. आणि शरणागती.

हो, सौनाच्या बाहेरच्या खोलीत ठेवला होता. टॉवेल ठेवायला त्याची उंची अगदी बेताची होती. नऊ वर्षांच्या वाफेने पडद्याभोवतीची फोमची कडी अशी झाली होती की बोट लावलं आणि शिळ्या पुल्ला पावासारखा तिचा भुगा पडला. नवी कडी आणून चिकटवली. पडदा मधोमध राहावा म्हणून चिकटवताना आत कागदाच्या चार पट्ट्या खोचतात. मी त्या काढायलाच विसरलो. माझ्याकडच्या छोट्या रेडिओला जोडून लावून पाहिलं तर गायिका अशी गात होती की जणू कुणी तिला सतरंजीत गुंडाळलं आहे. मी अर्धा दिवस रेडिओवाल्यांना शिव्या देत होतो. मग पट्ट्या काढल्या, बाई मोकळ्या झाल्या.

पण तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरचं लक्षण चांगलं नाही. दोन्ही बाजू एकदम मुक्या म्हणजे शेवटचे ट्रान्झिस्टर गेले असावेत. तसले आता बनत नाहीत. तीन दुकानांना विचारलं, तिघांनी नाही म्हटलं. बाबांनी तो संच अठ्ठावीस वर्षांत पन्नासदा उघडला असेल आणि पन्नासही वेळा तो गायला लागला. पार्टही फारसे लागायचे नाहीत त्यांना. मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो, आणि मला काही सुचत नाही. लाज वाटते.

आणखी एक लिहितो, फोनवर मला हे बोलता आलं नसतं. त्या दिवशी कॉफीच्या आधी मी खरंच मागच्या तारा हलवल्या होत्या. धूळ पुसणाऱ्या तुझा काही दोष नव्हता. बहुतेक मीच तो जाळला, आणि नऊ वर्षं तुझ्यावर ढकलत राहिलो. आई आता खुर्चीला कवेत घेऊन पावलं घोटते आहे. तिला काय सांगू?

लोभ असावा म्हणायचा मला हक्क नाही, तरी असावा.
रेयो

ता. क. तुझी दोन्ही पत्रं सापडत नाहीत. आईकडे कॉफी प्यायला नेली होती, तिथेच राहिली की काय!

*

लॅपे,
१ जून २०१०

चि. हेल्वी आणि चि. रेयो,
दोघांना मिळून अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळ्याचे निम्मे करता, म्हणून पत्र एकच पाठवते आहे. हेल्वीने वाचून रेयोला धाडावं.

रेयो, तुला आलेली पत्रं माझ्या टेबलावर राहिली. ती मी वाचली. माझ्या टेबलावरचं सगळं माझं.

हेल्वी, अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडावर डावीकडून तिसरं बारीक बटण आहे, त्यावर टेप लिहिलं आहे. ते आत दाबलेलं असेल. बाहेर काढ.

आपल्याकडे टेप कधी नव्हता, म्हणून त्या बटणाकडे तुमच्यापैकी कुणी कधी पाहिलंच नाही. तुमच्या बापाने, ओन्नीनेही नाही. ते आत गेलं की संच नसलेल्या टेपची वाट बघत बसतो आणि बाकी सगळ्यांना गप्प करतो. पहिल्याच वर्षी एका शनिवारी पुसताना ते चुकून दाबलं गेलं, तेव्हा हे मला कळलं. ओन्नी गिरणीतून यायचा आणि माझ्याकडे पाठ करून त्या संचासमोर बसायचा. त्या शनिवारी संच गप्प झाला, तसा त्याने तो उचलून माझ्या टेबलावर आणला, झाकण काढलं, आणि तीन तास माझ्यासमोर बसला. चार कप कॉफी प्यायला. गिरणीतलं सगळं बोलला, लग्नाआधी बोलायचा तसं. तेव्हा मला कळलं की ते बटण कशासाठी असतं.

मग अधूनमधून दाबायची. तो झाकणाचे स्क्रू बसवायला लागला की मी फडकं फिरवायच्या निमित्ताने बटण बाहेर काढायची. संच गायला लागला की त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा. पुढे साऱ्या लॅपेतले लोक त्याच्याकडे आपापले संच आणायला लागले आणि तो खरोखरच शिकला. मग त्याला काय सांगायचं? असलं नवऱ्याला सांगत नसतात.

तो दवाखान्यात गेला त्या दिवशी दुपारी मी ते शेवटचं दाबलं. तो म्हणाला की आज दम नाही, शनिवारी बघतो. शनिवारी तो नव्हता. मला बटणाची आठवणच राहिली नाही. अंत्यविधीच्या दिवशी मी कॉफी ओतत होते, आणि तुम्ही मला सांगितलंत नावेचं! भांडणाचं मूळच नको म्हणून ती चांगली नाव मी विकून टाकली, मूर्खांनो.

तर बिघडवला मी. रेयो, तुझ्या तारांनी काही झालं नाही. नऊ वर्षं माझ्या एका बोटापायी तुम्ही एकमेकांना पारखे झालात, याचं मला फार वाईट वाटतं. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. मात्र नाच झाल्यावर.

तुमची आई,
आउने

*

सडबरी,
८ जून २०१०

चि. रेयो,
अ. आ., अ. आ., आणि उरलेल्या नऊ वर्षांचे एकदम.

आईचं पत्र सोबत आहे. बसून वाच, हातात गरम काही धरू नकोस.

मी उभ्याउभ्या वाचलं, गेले, आणि बटण काढलं. आवाजाचं बटण शेवटाला होतं हे पार विसरले होते! हवामानवाला असा गरजला की खिडक्या हादरल्या. मुस्ती पडद्यावरून छताला पोचली, गॉर्डने कॉफी स्वतःवर ओतून घेतली, शेजारीण चप्पल न घालता धावत आली. सडबरीला दुपारनंतर सरी येणार होत्या, हे साऱ्या गल्लीला कळलं. मी जमिनीवर बसून हसत होते. हसता हसता रडायला लागले. गॉर्डला वाटलं मला झटका आला.

तारा तू हलवल्यास, धूळ मी पुसली, आणि दोघांनीही एकमेकांना चोर ठरवलं. मला माफ कर, रेयो. मी मोठी होते, मी आधी लिहायला हवं होतं.

२४ तारखेला निघते. अ‍ॅम्प्लिफायर माझ्या मांडीवर असेल, मुस्ती मागे. सौना तापवून ठेव, आणि त्यात माणसांखेरीज काही ठेवू नकोस.

खूप लोभ.
ताई

*

लॅपे,
३० जून २०१०

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (आठही अंगं. नाचून मोकळी झाली.)

तू सुखरूप पोचलीस हे गॉर्डकडून कळलं. आता आपण फोनवर बोललो तरी चालेल असं आई म्हणते, पण मला कागदाची चटक लागली आहे.

एक विचारायचं राहिलं. चौथा टँगो रंगात आला होता, आई माझ्यासोबत दोनदा आणि तुझ्यासोबत एकदा नाचली होती, लाल बुटांनी जमीन खरवडून ठेवली होती. मग ती दमले म्हणत संचाशेजारी टेकली आणि संगीत एकदम थांबलं. बटण आत होतं. मी पाहिलं. तूही पाहिलंस, आणि मी पाहिलं हेही पाहिलंस. तरी तू तोंड इतकं गंभीर करून कशी काय म्हणालीस की ट्रान्झिस्टर गेले असणार, उघडावं लागेल? बिचारा गॉर्ड बोट दाखवायला पुढे झाला, तर त्याला तू बर्फ आणायला पाठवलंस.

पाहुणे शेकोटीकडे गेले आणि आपण दोघं दीड तास त्या टेबलावर, झाकण काढून, काहीही न बिघडलेल्या यंत्रात डोकं घालून बसलो. आईने चार वेळा कॉफी ओतली. बाबांशी तिचं पहिलं भांडण कशावरून झालं, ते मी त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. आणि मी शेवटचा स्क्रू बसवायला लागलो, ती फडकं घेऊन उठली, तेव्हा आपण दोघांनीही एकदमच माना वळवल्या आणि खिडकीतून शेकोटीकडे बघत बसलो.

संच आता अख्खा तिच्याकडेच राहणार. तिने कालच मला कळवलं आहे की ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी तो बिघडणार आहे. त्या बेताने ये.

तुझा,
रेयो