तिने उभा केलेला म्हातारा

सोमवार, ३ मार्च

धडकलो! म्हणजे आम्ही नाही धडकलो, आम्हाला धडकले. मागून. आम्ही दोघंही धडधाकट, पण डिकीचं झाकण घडी घातल्यासारखं दुमडलंय.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझं क्लच दाबणं संपलं, तेव्हा हीच म्हणाली, "मी शिकते." पडदे शिवायचा व्यवसाय तिचा. लोकांकडे मापं घ्यायला जायचं, कापडाचे गठ्ठे वाहायचे, गाडीवाचून चालतच नाही. शिकलीही छान. आज एका गिऱ्हाइकाकडे पडदे लावून परत येत होतो. बाजाराचा रस्ता. मला प्रेसमधली एक जुनी गंमत आठवली. मी म्हणालो, "थांब थांब, तुला सांगतो —" आणि हिने कचकन ब्रेक मारला. मागून धाडकन!

आता माझं "थांब" म्हणजे काय खरंच थांब? बोलायला सुरुवात करायची माझी ती पद्धत आहे. लग्नापासून ऐकतेय. पण ड्रायव्हिंग क्लासच्या बाईंनी हिच्याकडून घोकून घेतलंय — शेजारचा "थांब" म्हणाला की आधी ब्रेक, मग चौकशी. हिने तेच केलं.

मागच्या गाडीतून एक गॉगल उतरला. काय तोंड! "मोकळ्या रस्त्यात ब्रेक मारतं का कुणी? लायसन्स वाटत सुटलेत!" जमलेल्यांपैकी एकाने आत वाकून पाहिलं. "बाई चालवतायत होय? मग झालंच." ही स्टिअरिंग घट्ट धरून बसलेली.

घरी आल्यावर एकच वाक्य बोलली. "माझी चूक ठरली ना, तर पुन्हा गाडीला हात लावणार नाही."

मी मिठाची गुळणी धरून बसलो.

मंगळवार, ४

शिवणाचं मशीन गप्प. गिऱ्हाइकांना फोन करून सांगते, "मापं घ्यायला जमणार नाही, तुम्हीच घेऊन पाठवा." असं ती आजवर कुणाला म्हणालेली नाही. लोक खिडकी मोजतात आणि दांडी विसरतात, हे तिचंच म्हणणं.

दुपारी म्हणाली, "अहो, काल त्या वेळी —" मी झटकन विषय बदलला. गॅस सिलिंडर कधी संपतोय, असं काहीतरी विचारलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

बुधवार, ५

गॉगलने विमा कंपनीला लेखी कळवलंय — पुढील गाडीने विनाकारण ब्रेक दाबला. चोराच्या उलट्या बोंबा. "पुढील"चा "पु" दीर्घ लिहिलाय, तेवढंच समाधान. जन्मभर प्रुफं तपासली, सवय जात नाही.

पण विनाकारण तर विनाकारणच होतं ना? कारण मी. उद्या विमा कंपनीचा सर्वेयर येणार. सांगून टाकणार. "साहेब, हिची चूक नाही, माझ्या जिभेची आहे." ठरलं!

गुरुवार, ६

काय दिवस!

सर्वेयर आला. चष्म्याआडून बघणारा, मोजकं बोलणारा. गाडीचे फोटो काढले, मग पुढच्या खोलीत बसला. मी आत चहा टाकत होतो. वाक्य मनात जुळवत होतो. तेवढ्यात बाहेरून हिचा आवाज. "एक म्हातारे गृहस्थ आडवे आले हो. यांच्या बाजूने. एकदम उतरले फुटपाथवरून. म्हणून ब्रेक मारला."

माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. कुठला म्हातारा? मी शेजारीच तर बसलो होतो! समोर रस्ता मोकळा, चिटपाखरू नाही. मग लक्षात आलं. माझं "थांब" झाकायला बाईने अख्खा म्हातारा उभा केला! हिला खोटं बोलता येत नाही. बारशाला जायचं टाळायचं असेल तरी मलाच फोन करायला लावते. ती ही, माझ्यासाठी!

चहा घेऊन गेलो. सर्वेयर म्हणाला, "काका, तुम्ही काय पाहिलंत?" आता कबुली दिली तर ही तोंडघशी पडणार. म्हणालो, "हो ना. अचानकच आले. पांढरे केस, हातात छत्री —"

"पिशवी," ही म्हणाली.

"छत्री की पिशवी?"

"पिशवीच असेल," मी म्हणालो. ही माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. खोटं रंगवायला गेलो आणि घोळ घातला! म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. कान लाल झाले होते माझे.

सर्वेयरने वही मिटली. "म्हातारा असो, मांजर असो. मागच्याला थांबता येईल एवढं अंतर मागच्यानेच ठेवायचं असतं. रस्त्यावर त्याच्या टायरची खूणसुद्धा नाही. त्याने ब्रेक मारलाच नाही, तुमच्यावर आदळूनच थांबला. बघत कुठे होता, ते त्याला विचारतो."

शुक्रवार, ७

फोन आला. दोष मागच्याचा! सर्वस्वी मागच्याचा! गॉगल कबूल झाला, मोबाइलमध्ये बघत होता म्हणे.

जीव भांड्यात पडला. मी उठून नाचलोच असतो, गुडघा नको म्हणाला. हिने फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले. मग थेट मशीनवर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत खडखडाट. इतका गोड आवाज!

तिचे आभार मानावेसे वाटले. तोंडापर्यंत आलं होतं. नाही मानले. अशा गोष्टी बोलून दाखवल्या की मळतात. पण इथे लिहून ठेवतो. माझ्यावर तिचा जीव आहे. आहेच! कधी म्हणत नाही, उलट दिवसभर टोमणे. पण वेळ आली तेव्हा माझ्यासाठी परक्या माणसासमोर खोटं बोलली. एवढं मला पुरे आहे. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं?

रविवार, ९

गॅरेजमधून गाडी आली. ही बसली, आरसे नीट केले, निघाली. मीही शेजारी. वाटेत तोंडातून "थांब" निघू नये म्हणून गोळी चघळत होतो.

"आज गप्पसे?" ही म्हणाली.

"गाडीकडे लक्ष दे."

हसली. फार दिवसांनी.

मंगळवार, ११

संध्याकाळी लेक आली. बाजारातल्या रंगाच्या दुकानदाराकडून त्यांच्या कॅमेऱ्यातली चित्रफीत मोबाइलवर मागून आणली होती. "बाबा, तुमचा अपघात बघा!"

म्हातारा आहे.

माझ्याच बाजूने उतरतो. हातात कापडी पिशवी. आपली गाडी थांबते, तो बॉनेटवर हात टेकवतो, माझ्या अगदी समोर. काचेतून माझ्याकडे बघतो. मग दणका बसतो, माणसं धावतात, तो गर्दीतून निघून जातो. मी तोंड उघडं टाकून त्याच्यातून आरपार बघतोय.

लेकीला तीनदा लावायला लावली. ती हसत होती. ही मोबाइलकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

लेक गेल्यावर म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी गुरुवारीच घेतली, तुम्ही छत्री म्हणालात तेव्हा." थांबली. "उद्या सकाळी. मी नेते."